तिसरी-चौथीला कोडिंग: आधी खडू, मग स्क्रॅच

पहिला तास संगणकाविनाच घ्या. फरशीवर खडूने 5×5 चौकोन आखा. हा नागपूरचा नकाशा समजा: एका कडेच्या मधल्या घरात झिरो माइलचा खांब, समोरच्या कडेला फुटाळा तलाव आणि ऐन मध्ये बर्डी बाजाराची गर्दी. तिथे पाय ठेवायचा नाही. एक मूल रोबो, त्याने झिरो माइलहून फुटाळ्याला पोचायचं. बाकीच्यांनी ‘एक घर पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’ अशा चिठ्ठ्या आधी ओळीने मांडायच्या, मगच रोबो हलेल. चालता चालता सूचना बदलू दिल्या की कोडिंग संपलं, नुसता खेळ उरला.

इथे दोन घोळ हमखास होतात. ‘वळ’ म्हटलं की मूल वळून एक घर पुढेही जातं. वळायचं ते जागच्या जागी. शिवाय रोबो तोंड फिरवून आला की सांगणारा स्वतःचं डावं सांगतो. त्याला रोबोच्या पाठीमागून चालायला लावा.

मग संगणकावर स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून सूचना लिहायचं मुलांचं सॉफ्टवेअर. त्यात पडद्यावरच्या मांजरासाठी ‘10 वेळा पुन्हा करा’च्या आत ‘10 पावले चाला’ ठेवा. मांजर टुणकन उडी मारल्यासारखं दिसेल, कारण दहा फेऱ्या साधारण तृतीयांश सेकंदात उरकतात. ‘0.2 सेकंद थांबा’ हा ठोकळा फेरीच्या आतच हवा. मुलं तो बाहेर लावतात. सुरुवातीच्या हिरव्या झेंड्याच्या ठोकळ्याखाली लगेच ‘एक्स 0, वाय 0 वर जा’ लावा, नाहीतर मांजर मागच्या वेळी थांबलं तिथूनच निघतं आणि शेवटी कडेला अडकतं.