डॉकिंगचा स्कोअर भारी आला, पण पेप्टाइड विरघळेल का?

कर्करोगावर उपयोगी पडतील अशी पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, मी संगणकावर डिझाइन करते. असं पेप्टाइड एखाद्या प्रथिनावर कसं आणि किती घट्ट बसेल, याचा संगणकी अंदाज म्हणजे डॉकिंग. माझ्या पहिल्या पेप्टाइडचा डॉकिंग स्कोअर इतका छान आला होता की मी त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. कुणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी अंगठे दाखवले. दुसऱ्या दिवशी तो गाइडना दाखवला. ते म्हणाले, "हीच बारा अमिनो आम्लं घे, क्रम विस्कटून टाक आणि परत चालव. दहा वेळा." मी चालवलं. दहापैकी सहा विस्कटलेल्या क्रमांचा स्कोअर माझ्या 'औषधा'इतकाच आला, दोघांचा तर त्याहून सरस.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी हीच गोष्ट आधी सांगते. संगणकावर पेप्टाइड 'सापडणं' फार सोपं आहे. बारा जागा आणि प्रत्येक जागी वीस पर्याय धरले तर ४ लाख कोटींच्या हजारपट क्रम होतात. एवढ्या ढिगात कशाला ना कशाला तरी चांगला आकडा मिळणारच.

आकडा फसवा का असतो, तेही समजून घ्या. डॉकिंगची नेहमीची सॉफ्टवेअर लहान रेणूंसाठी घडवलेली आहेत. ऑटोडॉक ४ मध्ये फिरू शकणाऱ्या बंधांची मर्यादा ३२ आहे. बारा अमिनो आम्लांच्या पेप्टाइडमध्ये असे बंध सहज पन्नासच्या घरात जातात. त्यातून स्कोअर देणारी सूत्रं जवळ आलेले अणू मोजतात, त्यामुळे ट्रिप्टोफॅन, फेनिलअॅलॅनिन अशी अंगाने मोठी, तेलकट अमिनो आम्लं कोंबली की स्कोअर आपोआप सुधारतो. माझ्या त्या बारांत दोन ट्रिप्टोफॅन आणि तीन फेनिलअॅलॅनिन होती. शिवाय खोलीच्या तापमानाला बंधनाच्या ऊर्जेत साधारण १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की ताकद दहापट बदलते. म्हणजे दोन किलोकॅलरीची चूक झाली तर तीसपटीचा घोटाळा, आणि डॉकिंगमध्ये दोन किलोकॅलरी इकडेतिकडे होणं रोजचंच आहे.

मग पेप्टाइडच्या मागे लागायचंच कशाला? कारण कर्करोगातल्या कितीतरी महत्त्वाच्या जोड्या प्रथिन-प्रथिन अशा असतात. त्यांचे पृष्ठभाग रुंद आणि सपाट असतात, लहान रेणूला पाय रोवायला खळगाच नसतो. अँटिबॉडी तिथे पकड घेते, पण ती पेशीच्या आत जात नाही. पेप्टाइड या दोहोंच्या मधलं. आणि ही कल्पना नुसती कागदावरची नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगात वापरलं जाणारं ल्युप्रोलाइड नऊ अमिनो आम्लांचं आहे, त्याला अमेरिकेत १९८५ साली मान्यता मिळाली.

माझं आवडतं उदाहरण मात्र ऑक्ट्रिओटाइडचं. शरीरातलं सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक चौदा अमिनो आम्लांचं असतं आणि रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. त्यातला कामाचा भाग ठेवून आठ अमिनो आम्लांचं कडं बनवलं, दोन ठिकाणी आरशातली, म्हणजे डी-प्रकारची अमिनो आम्लं बसवली, शेवटचं टोक बदललं. आता निम्मं व्हायला सुमारे दीड तास लागतो. याच घराण्यातल्या पेप्टाइडला ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी अणू जोडून केलेल्या औषधाला जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आतडी-स्वादुपिंडातल्या ठरावीक न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं स्रवणाऱ्या पेशींच्या) गाठींवर ते वापरतात. पेप्टाइड गाठीवरचा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन, शोधतं, मारण्याचं काम किरणं करतात. आपलं पेप्टाइड स्वतःच पेशी मारेल असा हट्ट मी तेव्हापासून सोडला.

पहिला सराव कुठून करायचा? प्रथिनांच्या रचनांचा साठा असलेल्या प्रोटीन डेटा बँकेतून १वायसीआर (1YCR) ही रचना उतरवून घ्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेली ही रचना आहे एमडीएम२ हे प्रथिन आणि त्याला चिकटलेल्या पी५३ या दुसऱ्या प्रथिनाच्या पंधरा अमिनो आम्लांच्या तुकड्याची. पेशीचा डीएनए बिघडला की पी५३ तिला थांबवतं किंवा संपवतं. काही गाठींमध्ये एमडीएम२ अति वाढून पी५३ ला दाबून टाकतं. ही जोडी सोडवायची, एवढंच उद्दिष्ट. पायमॉल किंवा कायमेराएक्स या रचना बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडा आणि निवांत बघत बसा. पेप्टाइडची हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखी गुंडाळी, दिसेल. तिची तीन अमिनो आम्लं, १९ वं फेनिलअॅलॅनिन, २३ वं ट्रिप्टोफॅन आणि २६ वं ल्युसिन, एमडीएम२ च्या खाचेत बोटांसारखी रुतलेली दिसतील. आता पेप्टाइड काढून टाका आणि पुन्हा त्याच जागी बसवून दाखवा. जमलं नाही तर नवीन काही डिझाइन करायच्या भानगडीत अजून पडू नका. जमलं, तर त्या तिघांपैकी एकेकाच्या जागी अॅलॅनिन हे छोटं अमिनो आम्ल घाला आणि तुमची पद्धत बंधन कमकुवत झालेलं ओळखते का ते तपासा. मग विस्कटलेले क्रम. एवढ्यात माझा दीड महिना गेला, आणि मला वाटतं पुढच्या दोन वर्षांपेक्षा मी त्यात जास्त शिकले.

एक गोष्ट मला उशिरा कळली. तो तुकडा एकटा पाण्यात असताना बहुतांशी हेलिक्स नसतोच, नुसता वळवळत असतो. चिकटताना त्याला आकार घ्यावा लागतो आणि त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. डॉकिंगच्या चित्रात ही किंमत दिसत नाही. म्हणून ग्रोमॅक्ससारखं सॉफ्टवेअर वापरून मोकळ्या पेप्टाइडचंही सिम्युलेशन करा, म्हणजे त्याचे अणू पाण्यात कसे हलतात ते संगणकावर चालवून बघा. आमच्याकडे सगळे फक्त चिकटलेल्या जोडीचं करत, कारण त्याचा व्हिडिओ छान दिसतो. पेप्टाइडच्या दोन वळणांना हायड्रोकार्बनच्या साखळीने टाका घालतात, म्हणजे स्टेपल करतात, तेही याचसाठी: आकार आधीच पक्का केला की ती किंमत कमी होते, आणि प्रोटिएझना, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या विकरांनाही, ते तोडणं अवघड जातं.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल सगळेच विचारतात. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांच्या संगणकी डिझाइनसाठी बेकर यांना आणि रचनेच्या अंदाजासाठी हासाबिस आणि जंपर यांना मिळाल्यापासून तर जास्तच. आरएफडिफ्यूजनने सांगाडा काढायचा, प्रोटीनएमपीएनएनने त्यावर क्रम लिहायचा, अल्फाफोल्डने तपासायचं, हा रस्ता शिकायलाच हवा. पण स्वतःच्या बळावर घडी घालणारं प्रथिन आणि आपलं बारा अमिनो आम्लांचं वळवळतं पेप्टाइड यांत फरक आहे. अल्फाफोल्डच्या विश्वासाच्या आकड्यालाही विस्कटलेल्या क्रमाची परीक्षा द्यायला लावा.

'हा क्रम कर्करोगविरोधी आहे का' हे सांगणाऱ्या वेबसाइटही आहेत. २०१३ चं अँटीसीपी हे त्यांतलं सुरुवातीचं एक. शिकायला उत्तम, पण शिकवायला वापरलेला डेटा कुठला ते आधी वाचा. नोंदवलेली पुष्कळ पेप्टाइडं मुळात जंतू मारणारी, धनभारित आणि लायसिनने भरलेली असतात. मॉडेल तेवढंच ओळखायला शिकतं. कर्कपेशींच्या बाहेरच्या पडद्यावर ऋणभार जास्त असतो, म्हणून ती चिकटतात हे खरं, पण तीच पेप्टाइडं लाल रक्तपेशीही फोडू शकतात. हिमोलिसिसची, म्हणजे रक्तपेशी फुटण्याची, चाचणी नसलेला पेपर मी हल्ली अर्ध्यावर सोडते.

आता विरघळण्याचं. चार महिने खपून निवडलेलं माझं पेप्टाइड बनवून आलं तेव्हा ते पाण्यात गेलंच नाही. डीएमएसओ या द्रावकात गेलं, पेशी वाढवायच्या द्रवात टाकल्यावर पांढरा साका झाला. एकूण भार शून्य आणि निम्मी अमिनो आम्लं तेलकट, दुसरं काय होणार! हा हिशेब पाच मिनिटांत कागदावर झाला असता. दुसऱ्या खेपेला दोन ग्लुटामिक आम्लं बाहेरच्या बाजूला घातली, ते छान विरघळलं, शुद्ध एमडीएम२ ला चिकटलं आणि पेशींवर काहीच परिणाम दिसेना. एमडीएम२ पेशीच्या आत असतं आणि आमचं पेप्टाइड बाहेरच राहत होतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी ते 'नंतर बघू' मध्ये टाकलं होतं. आणखी एक: विकत घेतलेल्या पेप्टाइडसोबत शुद्धीकरणातलं ट्रायफ्लोरोअॅसेटिक आम्ल क्षाराच्या रूपात येतं. पेशींवरच्या प्रयोगात ते लुडबुड करू शकतं, तेव्हा मागवतानाच अॅसिटेट किंवा क्लोराइड रूप सांगा.

शिक्षणाचं म्हणाल तर जीवरसायन, फार्मसी, भौतिकशास्त्र, संगणक, कुठूनही या. लिनक्स आणि पायथन हवंच, तेवढं तीन महिन्यांत जमतं. अमिनो आम्लांचे स्वभाव मात्र पाठ हवेत, म्हणजे कुणी ओळ दाखवली की 'हे विरघळणार नाही' असं तोंडातून निघायला हवं.

पीएच.डी.साठी प्रयोगशाळा निवडताना मी सर्व्हर किती मोठा आहे ते विचारलं होतं. तुम्ही हे विचारा: पेप्टाइड कोण बनवणार, पैसे कुठल्या प्रोजेक्टमधून येणार, बंधन मोजायचं यंत्र कुणाकडे आहे आणि तिथे नंबर लागायला किती आठवडे लागतात. आणि मागच्या विद्यार्थ्याच्या डिझाइनपैकी किती प्रत्यक्षात बनवून तपासली गेली, हे गाइडना विचारू नका, त्या विद्यार्थ्यालाच विचारा.