फेअरनेस क्रीममध्ये पारा तर नाही ना? विकत घेण्याआधी असे तपासा

सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार त्वचेच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालायला बंदी आहे. कच्च्या मालातून नकळत येणाऱ्या पाऱ्यालाही १ पीपीएमची (दहा लाख भागांत एक भाग) मर्यादा आहे, म्हणजे ३० ग्रॅमच्या डबीत जास्तीत जास्त ०.०३ मिलिग्रॅम. बेकायदा क्रीममध्ये हेच प्रमाण हजारो पीपीएमपर्यंत जाते. १०,००० पीपीएम धरले तर त्याच डबीत ०.३ ग्रॅम पारा भरतो, मर्यादेच्या दहा हजार पट. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून रंग झपाट्याने उजळल्यासारखा वाटतो. मात्र तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि किडनीवर जाऊन बसतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा क्रीम वापरणाऱ्यांना मेम्ब्रेनस नेफ्रोपथी हा किडनीचा आजार झाल्याचे आढळले.

पारा आहे की नाही हे रंगावरून, वासावरून किंवा घरगुती चाचणीने कळत नाही. म्हणून तपासणी लेबलपासून सुरू करायची.

१. परवाना क्रमांक शोधा. भारतात बनलेल्या मालावर उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता आणि ‘एम’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. आयात मालावर ‘आरसी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि इथल्या आयातदाराचे नाव-पत्ता हवा. डबीवर फक्त परदेशी लिपीतला मजकूर असेल आणि आयातदाराचा पत्ता नसेल, तर ती डबी घेऊच नका, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. ब्युटी पार्लरमध्ये सुट्या डबीत मिळणाऱ्या, लेबलच नसलेल्या ‘स्पेशल’ क्रीमलाही हेच लागू. परवाना नाही म्हणजे पुढे काही बिघडले तर जबाबदार कोण, हेच सापडत नाही.

२. बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख पाहा. दोन्ही गोष्टी खोक्यावर आणि आतल्या डबीवर जुळायला हव्यात.

३. घटकांची यादी वाचा. १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे; १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने चालतात. याचा एक चांगला उपयोग होतो. फिनॉक्सिइथेनॉल या संरक्षकाची (क्रीम खराब होऊ नये म्हणून घालायच्या घटकाची) कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणून यादीत त्याच्या नंतर येणारा प्रत्येक घटक १ टक्का किंवा त्याहून कमीच असणार. ‘केशरयुक्त’ म्हणून मिरवणारे केशर त्याच्या खाली सापडले, तर ते किती आहे याचा अंदाज येतो. ६० मिली द्रव किंवा ३० ग्रॅम क्रीमपेक्षा लहान पॅकवर मात्र ही यादी नसली तरी चालते, त्यामुळे छोट्या डब्यांच्या बाबतीत पहिली पायरीच निर्णायक.

४. धोक्याची नावे ओळखा. कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी ही सगळी पाऱ्याचीच रूपे. बेकायदा उत्पादक ही नावे बहुतेक वेळा लपवतात, पण एक सूचना कधी कधी राहून जाते: ‘सोने, चांदी, अॅल्युमिनियम किंवा रबराला क्रीम लागू देऊ नका.’ पारा धातूंशी संयोग पावतो, म्हणून ही सूचना लिहितात. अशी ओळ दिसली की डबी परत ठेवा.

बीटामेथासोन, क्लोबेटासॉल ही स्टिरॉइडे आणि हायड्रोक्विनोन दिसले, तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावू नये. स्टिरॉइड महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, आणि थांबवले की लाली, पुरळ पूर्वीपेक्षा जास्त उसळतात. त्या भीतीनेच अनेक जणी ते सोडत नाहीत.

५. पावती घ्या. त्यावर उत्पादनाचे नाव असावे. तक्रार करताना हाच पुरावा.

संशयित क्रीम आधीच वापरात असेल तर ताबडतोब बंद करा. घरातली लहान मुले त्या उशीवर किंवा टॉवेलवर चेहरा घासत असतील, तर तेही धोक्यात येतात, कारण पारा हस्तांतरित होतो आणि त्याची वाफही होते. ते कपडे वेगळे धुवा. पायांवर, डोळ्यांभोवती सूज किंवा लघवीला फेस येत असेल तर किडनीतज्ज्ञांकडे जा, डबी सोबत न्या आणि रक्त व लघवीतील पाऱ्याची तपासणी करण्याविषयी स्पष्ट विचारा. नेहमीच्या तपासण्यांत पारा येत नाही. डबी कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये रिकामी करू नका. घट्ट झाकण लावून दोन प्लास्टिक पिशव्यांत बंद करून ठेवा, आणि महाराष्ट्रात असाल तर पावतीसह अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्या. नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार तिथल्या निरीक्षकांना आहे.