क्रूझवरचं ड्रिंक्स पॅकेज घ्यायचं की नाही, हिशोब कसा लावायचा

क्रूझ बुक केली की आठवड्याभरात ईमेल यायला लागतात, ड्रिंक्स पॅकेजवर (म्हणजे रोजचे ठरावीक पैसे आधी भरायचे आणि जहाजावर हवं तेवढं प्यायचं) ३० टक्के सूट, आज रात्री संपणार वगैरे. आणि माणूस विचार करतो की सुट्टीवरच चाललोय तर घेऊन टाकू, रोज बिल बघायची कटकट नको. मीपण हेच केलेलं. आता दोन क्रूझ झाल्यात, एक पॅकेज घेऊन आणि एक न घेता, त्यामुळे जे कळलंय ते लिहिते.

आधी आमचं सांगते, कंपनीचं नाव नको. नवरा बिअरवाला, मी कॉफीवाली, वर्षातून दोनदा वाइन घेतली तर घेतली. सात रात्रींची ट्रिप. फक्त त्याच्यासाठी दारूचं पॅकेज घेऊ म्हटलं तर बुकिंगवाल्या बाईंनी शेवटच्या क्षणी सांगितलं की एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. माणशी रोजचे ७० डॉलर, वर १८ टक्के टिप, म्हणजे ८२.६०. गुणिले सात, गुणिले दोन, ११५६ डॉलर आणि वर चिल्लर. घेतलं. त्या जहाजावर प्रत्येक ड्रिंकनंतर एक चिठ्ठी छापून यायची, वर खरी किंमत आणि खाली टोटल शून्य. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, मॅग्नेट चिकटतो, तर मी रोजच्या चिठ्ठ्या आरशाशेजारी मॅग्नेटखाली लावत गेले. शेवटच्या रात्री बेडवर पसरून बेरीज केली. त्याचे ४९७, माझे २१४, टिप धरून. माझ्यात बहुतेक कॅपुचिनो, पाण्याच्या बाटल्या आणि दोन-तीन मॉकटेल. म्हणजे साधारण साडेचारशे डॉलर आम्ही असेच समुद्रात सोडले. आणि नवरा वसुलीच्या नादात नेहमीपेक्षा जास्त प्यायला होता ते वेगळंच, तिसऱ्या दिवशी तर एक अख्खा मोहितो डेकच्या टेबलावर तसाच ठेवून झोपायला गेला, आधी घशाखाली जाईना आणि नंतर लक्षात राहिलं नाही.

तर हिशोब. सगळ्यात मोठी चूक अशी होते की आपण समुद्रातला दिवस डोळ्यासमोर आणतो. जहाज दिवसभर चाललंय, पूलपाशी पडलोय, दर तासाला हातात ग्लास. अशा दिवशी पॅकेज वसूल होतं, अगदी आरामात होतं. पण सात रात्रींच्या ट्रिपमध्ये असे दिवस किती? बरेचदा दोन किंवा तीन. बाकीचे दिवस बंदर. सकाळी आठ-नऊला उतरलात, संध्याकाळी चार-पाचला परत, आणि खाली शहरात जे प्याल ते खिशातून, तिथे पॅकेज चालत नाही. म्हणून बंदराच्या दिवसाचा हिशोब लावा. कागद घ्या आणि प्रामाणिकपणे लिहा, त्या दिवशी तुम्ही काय प्याल. सकाळी उतरायच्या आधी एक कॉफी, परत आल्यावर एक बिअर, जेवणाबरोबर एक वाइन, शोनंतर एखादं कॉकटेल. संपलं. पहिला दिवसपण असाच अर्धवट, दुपारी जहाजावर चढता, आणि उतरायच्या सकाळी तर काहीच नाही, पण पैसे पूर्ण रात्रींचे.

मग भागाकार. इथे एक सोपं आहे जे मला उशिरा सुचलं. टिप पॅकेजवरही लागते आणि सुट्या ड्रिंकवरही तेवढीच लागते, त्यामुळे दोन्हीकडची टिप विसरा आणि नुसती मूळ किंमत भागा. पॅकेज ७५ चं आणि कॉकटेल १३ चं तर रोज सहा कॉकटेल झाल्यावर तुम्ही फायद्यात. बिअर ८ ची असेल तर दहा बिअर लागतील. रोज! सातही दिवस! बऱ्याच लोकांचा प्रश्न इथेच सुटतो. बिअरवाल्यांना तर शक्यतो परवडतच नाही, कॉकटेलवाल्यांचं जमू शकतं, आणि जे सगळं थोडं थोडं घेतात, म्हणजे दोन कॉफ्या, दोन पाणी, एक कोक, दोन कॉकटेल, एक वाइन, त्यांचं काठावर येतं आणि त्यांनीच नीट बेरीज करायला हवी. बारचं मेनूकार्ड बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये दिसतं, नाहीतर त्याच जहाजावर नुकतंच जाऊन आलेल्या कुणीतरी फोटो टाकलेले असतात. किमतीसाठी मात्र दुसऱ्याचा आकडा धरू नका कारण पॅकेजचा भाव विमानाच्या तिकिटासारखा हलतो, तेच जहाज, पुढचा आठवडा, भाव वेगळा.

बेरीज करताना जे फुकट आहे ते धरू नका. साधं पाणी, चहा, साधी कॉफी, आइस टी, लिंबू सरबतासारखं काहीतरी, सकाळच्या नाश्त्याला ज्यूस, हे जवळपास सगळ्या मोठ्या जहाजांवर भाड्यातच असतं. मशीनची कॉफी काही ग्रेट नसते, पण चालते. डिस्नेच्या जहाजांवर डेकवरच्या मशीनमधून कोल्ड्रिंकपण फुकट आहे. व्हर्जिन व्हॉयेजेसवर तर अमर्याद दारूचं पॅकेजच नाही, कोल्ड्रिंक-पाणी-साधी कॉफी भाड्यात आणि दारूसाठी आधी पैसे भरून ठेवायचे, जेवढं प्याल तेवढं वजा होतं. मला विचाराल तर ही पद्धत सगळ्यात सरळ. आणि वरच्या दर्जाच्या कंपन्या, रीजंट, सिल्व्हरसी, सीबॉर्न वगैरे, तिथे दारू तिकिटातच आलेली असते त्यामुळे हा सगळा लेख त्यांना लागू नाही. व्हायकिंगवर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर बिअर-वाइन भाड्यातच असते.

आता बारीक अक्षरातले नियम. खरा घोळ इथेच होतो म्हणून जरा जास्त लिहिते.

एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांनी घ्यायचं हा नियम रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही कंपन्यांकडे आहे, इतरांकडेही या ना त्या रूपात आहे. कारण उघड आहे, नाहीतर एकजण घेईल आणि दोघं पितील. दुसरा माणूस गरोदर असेल किंवा तब्येतीमुळे पीत नसेल तर फोन करून विचारा, बिनदारूच्या पॅकेजवर कधीकधी तयार होतात. पण ते फोनवर, वेबसाइटवर तो पर्याय दिसतच नाही, आणि जो बोलेल त्याच्याकडून बुकिंगमध्ये नोंद करून घ्या, नाहीतर जहाजावर पुन्हा पहिल्यापासून रामायण. एमएससी कंपनीच्या जहाजांवर केबिनमधल्या मुलांनाही त्यांचं बिनदारूचं पॅकेज घ्यायला लावतात, तो खर्च लोक विसरतात. आणि वयाचं बघा, अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर दारूसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, युरोपात बहुधा १८.

अमर्याद म्हणजे नेहमीच अमर्याद नाही. कार्निव्हलच्या चिअर्स पॅकेजमध्ये २४ तासांत १५ दारूची ड्रिंक्स, सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा. पंधरा कुणाला लागतात म्हणा, लागत असतील तर प्रश्न पॅकेजचा नाहीच. यापेक्षा जास्त अडवते ती प्रत्येक ग्लासची मर्यादा. रॉयल कॅरिबियनला १४ डॉलरपर्यंतचं ड्रिंक फुकट आणि त्यावरचं असेल तर फक्त फरक भरायचा. काही कंपन्या मर्यादा ओलांडली की फरक नाही, पूर्ण ग्लासचेच पैसे लावतात, वर थोडी सूट देतात एवढंच. म्हणून चांगली व्हिस्की किंवा शॅम्पेन पिणाऱ्यांनी हे आधी वाचा.

आणि काय काय येत नाही ते: मिनीबार बहुधा नाही, वाइनची अख्खी बाटली नाही, आठवण म्हणून मिळतो तो रंगीत ग्लास नाही. रॉयलच्या काही जहाजांवर स्टारबक्स आहे, तेही पॅकेजमध्ये नाही, दुसऱ्या कॅफेतली कॉफी मात्र आहे. कंपनीचं स्वतःचं बेट असेल तर तिथे चालतं का हे त्या कंपनीचं बघा. रॉयलच्या कोकोके बेटावर चालतं, पण सगळ्यांच्या बेटांवर चालतंच असं धरून चालू नका.

'फुकट पॅकेज' हा अजून एक प्रकार. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने हे खूप चालवलं. पॅकेज फुकट, पण त्याच्या छापील किमतीवर २० टक्के टिप तुम्ही भरायची. काही काळ ही छापील किंमत रोजची १०९ डॉलर होती, म्हणजे माणशी रोज २१.८०, सात दिवसांचे १५२.६०, दोघांचे तीनशेच्या वर. वाईट सौदा नाही, रोज दोन-तीन ड्रिंक घेणाऱ्याला परवडतोच, पण फुकट म्हणू नका. प्रिन्सेस कंपनीचं प्लस पॅकेज वेगळं, त्यात ड्रिंक्सबरोबर वायफाय आणि जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची रोजची टिपपण येते, त्यामुळे तिथे नुसती ड्रिंक्स मोजून चालत नाही. या दोन गोष्टी तुम्ही तसंही घेणार होतात का ते आधी ठरवा, घेणार असाल तर त्यांचे पैसे पॅकेजमधून वजा करा आणि जे उरेल त्याला ड्रिंकच्या किमतीने भागा.

घ्यायचंच ठरलं तर निघण्याआधी ऑनलाइन घ्या, जहाजावर बहुतेकदा महाग पडतं. लवकर घेतलं तरी अधूनमधून भाव बघत राहा, कारण बऱ्याच कंपन्या निघायच्या काही दिवस आधीपर्यंत रद्द करू देतात, भाव उतरला की जुनं रद्द करून नव्याने घ्यायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण आधी नवीन भावाचा स्क्रीनशॉट घ्या, रद्द करेपर्यंत भाव परत चढला तर हसं व्हायचं. आणि फक्त समुद्रातल्या दिवसांपुरतं घेता येतं का असं सगळे विचारतात. साधारण नाही येत, पूर्ण ट्रिपचंच घ्यावं लागतं.

न घेणाऱ्यांसाठी मधले रस्ते आहेत. रॉयल, कार्निव्हल दोघंही चढायच्या दिवशी मोठ्या माणसामागे ७५० मिलिलिटर वाइनची एक बाटली नेऊ देतात. हातातल्या बॅगेत ठेवायची, मोठ्या सामानात घातलीत तर बॅग अडवून ठेवतात. केबिनमध्ये प्या, डायनिंग रूममध्ये उघडली तर कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडायचे पैसे, लावतात. काही जहाजांवर कॉफी कार्ड मिळतं, ठरावीक कपांचं, माझ्यासारखीला तेवढंच पुरे. नुसतं कोल्ड्रिंकचं पॅकेजही असतं, पण ते रोज चार-पाच ग्लास पिणाऱ्यालाच परवडतं, मुलं असतील तर हो, नाहीतर सोडा. आणि एकाच कंपनीबरोबर खूप फिरलेल्यांना लॉयल्टीची फुकट ड्रिंक्स मिळतात, रॉयलला डायमंड पातळीपासून रोजची चार. त्यांनी पॅकेज घ्यायच्या आधी ती मोजा.

दुसऱ्या क्रूझला आम्ही हेच केलं. मी कॉफी कार्ड, नवरा सुटं, दोन वाइनच्या बाटल्या घरून. बारचं बिल ३८० च्या आत राहिलं. खरं सांगायचं तर रोज ॲपमध्ये आकडा वाढताना बघून त्याचं थोडं तोंड वाकडं व्हायचं. त्याची ती अडचण खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. काही लोकांना पन्नास-शंभर डॉलर जास्त गेले तरी चालतात पण प्रत्येक ग्लासला किंमत दिसायला नको असते. तुम्ही तसे असाल आणि काठावर असाल तर घ्या बिनधास्त. पण आमच्यासारखा चारशे-साडेचारशेचा फरक पडत असेल तर तो मनःशांतीचा भाव जरा जास्तच झाला. तसंच लांब समुद्रातले दिवस असलेली ट्रिप असेल, अटलांटिक ओलांडणारी वगैरे, तिथे पाच-सहा दिवस जमीनच दिसत नाही, मग माझंही गणित उलटं होईल.

शेवटचं, सुटं घेणाऱ्यांसाठी. बारमध्ये सहीला चिठ्ठी येते त्यावर टिपसाठी एक रिकामी ओळ असते. १८ किंवा २० टक्के वरच्या आकड्यात आधीच लागलेले असतात, ओळीच्या वर छापलेलंही असतं, फक्त बारच्या अंधारात दिसत नाही. पहिल्या दोन रात्री नवऱ्याने तिथे प्रत्येक वेळी दोन-दोन डॉलर लिहिले. वेटर खूश होता. तिसऱ्या रात्री मी मोबाइलचा टॉर्च लावला.