प्रागला निघालात? या चुका टाळा

युरोपच्या टूरमध्ये चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग बहुतेक वेळा व्हिएन्ना किंवा बुडापेस्टच्या जोडीला येतं. सकाळी बसमधून उतरायचं, ओल्ड टाउन स्क्वेअर, घड्याळ, चार्ल्स ब्रिज, जमलं तर किल्ला आणि संध्याकाळी पुन्हा बस. पहिल्या खेपेला मीही असंच पाहिलं. चार वर्षांनी आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा पाच दिवस राहिलो. तेव्हा लक्षात आलं, आधी माझं जे जे चुकलं होतं ते सगळं चौक ते पूल एवढ्याशा पट्ट्यात आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या मध्ये चुकलं होतं. गर्दी तिथेच, महागाई तिथेच, फसवणूकही तिथेच. तो पट्टा आणि ती वेळ सांभाळली की बाकीचं शहर फार सरळ आहे, पायी फिरण्याजोगं आहे आणि मनापासून आवडेल असं आहे.

युरो घेऊन आलोय, चालून जाईल

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. चेक प्रजासत्ताक 2004 पासून युरोपियन युनियनमध्ये आहे, 2007 पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) आहे, पण तिथलं चलन युरो नाही, कोरुना आहे. एका युरोला साधारण 24-25 कोरुना मिळतात. चौकातली बरीच दुकानं युरो घेतात, पण हिशेब स्वतःच ठरवलेल्या दराने करतात आणि सुटे कोरुनात परत देतात. दोन्हीकडून नुकसान तुमचंच.

मग माणूस पैसे बदलायला जातो. पहिल्या खेपेला चौकाजवळच्या एका काउंटरवर मी 200 युरो दिले. बाहेर मोठ्या अक्षरांत ‘शून्य कमिशन’ लिहिलेलं होतं. हातात 3,400 कोरुना आले. निदान 4,800 यायला हवे होते. कमिशन खरंच शून्य होतं, सगळी गोम दरात होती. तेव्हा मला माहीत नव्हतं ते तुम्ही लक्षात ठेवा: 2019 पासून तिथे कायदा आहे की 1,000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. म्हणून पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि त्याही आधी ‘200 युरोचे नेमके किती कोरुना द्याल’ हे आकड्यात लिहून मागा. रस्त्यात कुणी ‘चांगला दर देतो’ म्हणत जवळ आलं तर थांबूसुद्धा नका. अशा व्यवहारात कोरुनाऐवजी दुसऱ्याच देशाच्या किंवा चलनातून गेलेल्या नोटा हातात पडतात.

आता एटीएम. यंत्राच्या पडद्यावर काय दिसतं ते नीट सांगते, कारण फसगत तिथेच होते. तुम्ही 3,000 कोरुना मागता. यंत्र विचारतं, तुमच्या खात्यातून अमुक इतके रुपये कापू का? आपल्याला ओळखीचे रुपये दिसतात, बरं वाटतं, आणि बोट ‘होय’वर जातं. त्या ‘होय’चा अर्थ असा की रुपयांचा दर तुमची बँक ठरवणार नाही, ते यंत्र ठरवेल. म्हणून ‘कन्व्हर्जन नको’ किंवा ‘विदाउट कन्व्हर्जन’ असं जे काही लिहिलेलं असेल ते दाबा. तुम्ही नकार दिलात म्हणून व्यवहार अडत नाही, पैसे येतात. हॉटेलात, दुकानात कार्डाच्या यंत्रावरही हाच प्रश्न येतो. तिथेही कोरुनाच निवडा. आणि पैसे काढायचेच असतील तर बँकेच्या शाखेच्या भिंतीत बसवलेलं एटीएम शोधा. पर्यटकांच्या गल्लीत, नुसत्या दुकानाच्या दारात उभं केलेलं यंत्र टाळा.

घरून निघण्याआधीचं एक काम: आपल्या बँकांची कार्डं परदेशी व्यवहारांसाठी आपणहून चालू करावी लागतात. बँकेच्या ॲपमध्ये तो पर्याय असतो. प्रागला पोचल्यावर हे करायचं म्हटलं तर ओटीपी भारतातल्या सिमवर येतो आणि ते सिम रोमिंगवर नसेल तर काम अडतं.

तिकीट काढलं, शिक्का मारला नाही

प्रागची मेट्रो आणि ट्राम यांना एकच तिकीट चालतं आणि ते वेळेच्या हिशेबाने मिळतं: 30 मिनिटं, 90 मिनिटं, 24 तास, 72 तास. पण कागदी तिकीट नुसतं खिशात असून भागत नाही. मेट्रोत सरकत्या जिन्याआधी आणि ट्राममध्ये दारापाशी एक छोटी पेटी असते, तिच्यात तिकीट घालून वेळेचा शिक्का उमटवायचा. तिथून तिकिटाचा वेळ सुरू होतो. आत शिरायला गेट नसतं, कुणी अडवत नाही, म्हणून आपण विसरतो. बाबांकडे 72 तासांचं तिकीट होतं, पण शिक्का नव्हता. साध्या कपड्यातल्या तपासनिसाने बिल्ला दाखवला आणि दंड भरावा लागला. चूक आमचीच होती, त्यामुळे वाद घातला नाही. 72 तासांच्या तिकिटावरही शिक्का एकदाच, पहिल्या प्रवासाला मारायचा. पुन्हा पुन्हा मारू नका. हा कटकटीचा भाग नको असेल तर ट्राममधल्या यंत्रावर कार्ड टेकवून तिकीट घ्या, ते तिथल्या तिथे चालू होतं.

विमानतळावरून टॅक्सीच हवी असं नाही. 59 नंबरची ट्रॉलीबस तुम्हाला मेट्रोच्या ए लाइनवर सोडते आणि साधं तिकीट त्या सगळ्या प्रवासाला पुरतं. सामान जास्त असेल, रात्र झाली असेल तर ॲपवरून गाडी मागवा म्हणजे भाडं आधी कळतं. चौकात रांगेत उभ्या असलेल्या गाडीत भाडं न ठरवता बसू नका.

मेट्रोचे सरकते जिने खोल आणि आपल्याकडच्यापेक्षा बरेच वेगाने चालतात. आई पहिल्यांदा बिचकली. वयस्कर माणसं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा: उजवीकडे उभं राहायचं, कठडा धरायचा. आणि दार बंद होताना जी घोषणा होते तिच्यात ‘द्वेर्झे’ असा शब्द ऐकू येईल. तो आपला ‘द्वार’च आहे, दोन्ही शब्द एकाच मुळातले.

घड्याळाखाली फक्त तासाला उभं राहणं

ओल्ड टाउन हॉलच्या भिंतीवरचं खगोलीय घड्याळ 1410 सालचं. तास वाजायच्या वेळी खाली शेकडो लोक माना वर करून, मोबाइल उंचावून उभे असतात. सांगाडा घंटा वाजवतो, खिडक्यांतून येशूच्या प्रेषितांच्या मूर्ती सरकतात, शेवटी कोंबडा आरवतो, आणि मिनिटाभरात सगळं संपतं. लोक ‘एवढंच?’ म्हणत पांगतात. खिसेकापूंची हीच वेळ असते, कारण सगळ्यांचे डोळे वर आणि पाठपिशव्या मागे. तासाचा कार्यक्रम बघायचाच असेल तर बॅग पोटाशी घ्या.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. तास होऊन गेल्यावर, गर्दी पांगली की तिथे दहा मिनिटं थांबा आणि तबकडी वाचा. पंचांग बघायची सवय असलेल्या माणसाला हे घड्याळ इतरांपेक्षा लवकर कळतं. त्यावर सूर्य कोणत्या राशीत आहे ते दिसतं, चंद्राची कला दिसते. आतल्या सोनेरी वक्र रेषा सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग करतात, म्हणजे उन्हाळ्यात तास लांब आणि हिवाळ्यात आखूड. आपण राहुकाळ काढताना दिनमानाचे आठ भाग करतो, त्यातलाच हा प्रकार. सगळ्यात बाहेरच्या कड्यावरचे जुन्या वळणाचे आकडे सूर्यास्तापासून तास मोजतात. सूर्य मावळला की 24 पूर्ण. हे कडं वर्षभर पुढेमागे सरकत राहतं. एक फरक मात्र आहे: हे सायन गणित आहे, म्हणजे राशी ऋतूंच्या हिशेबाने मोजणारं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर तिथला सूर्य मकरेत असेल, आपल्या पंचांगात तो तेव्हा अजून धनूतच असतो. बाबा हे समजून घेत तिथे पाऊण तास उभे होते. त्यांना नंतर किल्ल्यापेक्षा घड्याळच जास्त आठवतं.

टाउन हॉलच्या पुढे फरसबंदीत 27 पांढरे क्रूस आहेत. 21 जून 1621 ला हॅब्सबर्ग राजघराण्याच्या सत्तेविरुद्धच्या बंडातल्या 27 जणांना इथे मृत्युदंड दिला गेला. लोक नकळत त्यांच्यावर उभे राहून सेल्फी काढतात. जरा खाली बघून पाय ठेवा.

चुकीचा वार

शनिवारी जोसेफोव्ह ही जुनी ज्यू वस्ती बघायला जाऊ नका. तिथली संग्रहालयं आणि सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतात. रविवारी किल्ल्यातलं सेंट व्हायटस कॅथेड्रल पर्यटकांसाठी दुपारी बारानंतर उघडतं, कारण आधी प्रार्थना असते. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद. म्हणजे शनिवार ते सोमवार असा लांब वीकेंड धरून जाणाऱ्यांची तीन दिवस तीन ठिकाणी निराशा होऊ शकते.

पिंकास सिनेगॉगला मात्र अवश्य जा. नाझींनी मारलेल्या सुमारे 80,000 चेक आणि मोरावियन ज्यूंची नावं तिथे भिंतींवर रंगवलेली आहेत. आडनाव, नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, आणि लगेच पुढचं नाव. खोलीमागून खोली. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. घाईने फिरण्याची ही जागा नव्हे, तासभर हातात ठेवा.

सुट्ट्यांचंही बघून घ्या. आपण दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत जातो आणि नेमके 28 ऑक्टोबर व 8 मे हे तिथले राष्ट्रीय दिवस आहेत. त्या दिवशी मोठी सुपरमार्केट कायद्याने बंद असतात. दूध, ब्रेड, फळं आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा.

किल्ला खालून चढणं

नकाशात मालोस्त्रान्स्का मेट्रो स्टेशन किल्ल्याच्या पायथ्याशी दिसतं, म्हणून लोक तिथे उतरतात आणि पायऱ्यांची लांब चढण चढत बसतात. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर 22 नंबरची ट्राम घ्या आणि पोहोर्झेलेत्स या स्टॉपला उतरा. तिथून स्ट्राहोव्हचा मठ, लोरेटा हे तीर्थस्थान असं बघत उताराने किल्ल्यात येता. कॅथेड्रलचं काम 1344 ला सुरू झालं आणि 1929 ला पूर्ण झालं, ते बाहेरून आणि अंगणातून फुकट बघता येतं. तिकीट आतल्या वास्तूंसाठी लागतं. 22 नंबर ही पर्यटकांची लाडकी ट्राम, त्यामुळे खिशाची काळजी इथेही घ्या.

बुटांचं सांगायलाच हवं. जुन्या प्रागमध्ये सगळीकडे दगडांची फरसबंदी आहे आणि पावसात ती निसरडी होते. आईने नवे कोरे बूट नेले होते. दुसऱ्या दिवशी टाचेला फोड. घरी महिनाभर वापरलेले बूटच न्या. आणि चाकांची बॅग त्या दगडांवरून ओढायची नसेल तर हॉटेल ट्राम स्टॉपला लागून घ्या, चौकाच्या आतल्या गल्लीत नको.

‘व्हेज’ म्हणून निभावेल असं समजणं

‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय. ऐकून दचकू नका, इथे माशाचा संबंध नाही. चेक ‘मासो’ आणि आपलं ‘मांस’ सख्खे नातेवाईक आहेत. पण नुसतं एवढं म्हणून काम होत नाही. बटाट्याचं किंवा लसणाचं सूप अनेकदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं, म्हणून सुपाबद्दल वेगळं विचारा. तळलेल्या चीजचा ‘स्माझेनी सीर’ बहुतेक ठिकाणी मिळतो, पण सोबतच्या टार्टर सॉसमध्ये अंडं असतं. ‘ओव्होत्स्ने क्नेडलिकी’ मागवून बघा: पिठाच्या उकडलेल्या गोळ्यात स्ट्रॉबेरी किंवा आलुबुखार, वरून ताजं चीज, लोणी, साखर. गोड आहे, पण तिकडे ते पोटभरीचं जेवण म्हणूनही खातात, आणि मोदकावर वाढलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही. पूर्ण शाकाहारी हवं असेल तर जुन्या शहरात ‘मैत्रेया’ आणि ‘लेहका ह्लावा’ ही दोन चांगली ठिकाणं आहेत.

मांसाहारी लोकांनी चौकातल्या हॅमच्या टपरीवर पाटी नीट वाचावी. लिहिलेली किंमत 100 ग्रॅमची असते, आणि कापणारा सहज त्याच्या तिप्पट वजनाचा तुकडा ताटात घालतो. ‘शंभर ग्रॅमच द्या’ असं आधी सांगा. आणि सगळीकडे जुनी चेक खासियत म्हणून विकला जाणारा ट्रडेलनिक (दांड्याला गुंडाळून भाजलेला, साखर लावलेला गोड पाव) गेल्या काही वर्षांत पर्यटकांसाठी पसरलेला आहे. आवडला तर खुशाल खा, परंपरा म्हणून नको.

चार्ल्स ब्रिज दुपारी

चौथ्या चार्ल्सने 1357 ला पायाभरणी केलेला हा पूल दुपारी अकराला पाहिला तर पूल दिसत नाही, फक्त डोकी दिसतात. उजाडताना जा. मेमध्ये त्यासाठी पाचच्या सुमाराला उठावं लागतं, दिवाळीच्या दिवसांत साडेसहा-सातला पोचलं तरी चालतं, डिसेंबरात तर सूर्यच आठला उगवतो. आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो. व्लतावा नदीवर धुकं होतं, पुलावर सात-आठ माणसं, आणि दोन्ही बाजूंचे 30 पुतळे धुक्यातून एकेक करून पुढे येत होते. बहुतेक पुतळे आता प्रतिकृती आहेत, मूळचे संग्रहालयात जपलेत. नेपोमुकच्या सेंट जॉनच्या पुतळ्याखालचा पितळी फलक लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखा झालाय. 1393 ला राजाच्या हुकमाने त्याला याच पुलावरून नदीत टाकलं होतं. दुपारी त्या फलकापुढे रांग असते. आईने त्या दिवशी एकटीने, सावकाश हात ठेवला.

निघताना शेवटचं: उरलेल्या नोटा परत बदलता येतात, नाणी नाही. 50 कोरुनापर्यंतची नाणी असतात आणि चार दिवसांत ती बरीच साठतात. शेवटच्या सकाळी ती घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जा आणि विमानतळाच्या प्रवासासाठी ताजे रोहलिक (लांबट पाव) घ्या.