जुना स्टीरिओ रिसीव्हर परत जोडताना या चुका टाळा

सर्व्हिसिंग उत्तम झालेलं असतं, आणि रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेला सेट, जळतो तो जोडताना. भुसावळात माझ्या टेबलावर असे सेट वर्षानुवर्षं येतायत. धूळ काढायला, कपॅसिटर बदलायला माणूस दोन दिवस देतो आणि जोडणी अर्ध्या तासात उरकतो. गाणं ऐकायची घाई.

सगळ्यात महागात पडते ती अभ्रकाची चूक. जुन्या मरांट्झ, पायोनियर, सान्सुईच्या कितीतरी सेटमध्ये स्पीकर चालवणारे आउटपुट ट्रान्झिस्टर टीओ-३ असतात, म्हणजे आपल्या २एन३०५५ सारखी धातूची टोपी. ही टोपीच कलेक्टर असते, तिच्यावर ३०-४० व्होल्ट उभे असतात. खालचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा तुकडा, चॅसीला म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेला. दोघांमध्ये वीज अडवणारा फक्त अभ्रकाचा पापुद्रा.

एका मे महिन्यात रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांचा सेट आला. मुलानं आखातातून आणलेला, जिवापाड जपलेला. घरी पाहुणे यायचे होते म्हणून ते दुकानातच थांबले. माझ्याकडच्या पोरानं जुनाच अभ्रक उष्णता पुढे नेणारी पेस्ट लावून बसवला. स्क्रूच्या भोकाजवळ त्याला केसाएवढी चीर होती, ती पेस्टखाली झाकली गेली. मीही काकांकडे बघून सिरीज बल्ब (सेटच्या वायरीत मध्येच जोडलेला, जास्त करंट अडवणारा बल्ब) न लावता थेट २३० व्होल्ट दिले. प्लस-मायनस सप्लायपैकी एका बाजूचा फ्यूज गेला, दुसरी बाजू चालूच राहिली. सेटला बिघाड होताच स्पीकर तोडणारा प्रोटेक्शन रिले नव्हता, सगळा डीसी स्पीकरवर आला. वूफरची कॉइल जळाल्याचा वास दुकानभर पसरला. काका उठून म्हणाले, "काय व्हयनं भो?" मला उत्तर देता येईना. वूफर गेला, दुसऱ्या बाजूचा ट्रान्झिस्टरही गेला, आणि ट्रान्झिस्टरची अस्सल जोडी मिळायला दोन महिने लागले. बाजारात नवीन छापा मारलेला बनावट मालच जास्त.

तेव्हापासून अभ्रक नवाच. हीटसिंकच्या भोकाभोवती आधी बोट फिरवून बघतो. ॲल्युमिनियमचं कुसळ लागलं तर ब्लेडनं खरवडतो, कारण तेच अभ्रक फाडतं. पेस्ट इतकी पातळ की खालचा धातू दिसावा. दोन्ही स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे. मग टोपी आणि हीटसिंक यांना बजरवर ठेवलेला मीटर लावायचा. क्षणभर वाजून थांबला तर फिल्टर कपॅसिटर भरतोय, हरकत नाही. वाजतच राहिला तर खोला.

आणि सिरीज बल्ब! १०० वॉटचा, तारेचा. एलईडीचा इथे उपयोग नाही. चालू करताच बल्ब झगझगून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद करा. "एकदा चालू करून बघू" म्हणणाऱ्याला मी सेटला हात लावू देत नाही.

बायस म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट. तो सांभाळणारा छोटा ट्रान्झिस्टर किंवा डायोड हीटसिंकला चिकटलेला असतो, तो लोंबकळत ठेवून झाकण लावणारे भेटतात. हीटसिंक तापलेला त्याला कळत नाही, करंट वाढत जातो, आणखी तापतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, अशा उन्हाळ्यात ही चूक फार वेळ माफ होत नाही. सेट गरम झाल्यावर, वीसेक मिनिटांनी बायस लावावा, आणि कूलरच्या झोतासमोर बसून तर मुळीच नाही.

लांब स्क्रू आखूड भोकात घालू नका, तो खालून बोर्डाला टेकतो.

बोर्ड चॅसीला धरणारा एखादा स्क्रू ग्राउंडचाही असतो. तो सैल राहिला की घूं आवाज येतो आणि लोक कपॅसिटर बदलत बसतात.

डायलच्या काचेवरचे आकडे आतून छापलेले असतात. काच पुसायचा स्प्रे मारलात तर ते फडक्यावर येतील, परत मिळणार नाहीत. कोरडं मऊ कापड, तेही कडेकडेनं.

स्पीकर जोडण्याआधी टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. पहिला स्पीकर टाकाऊ लावा.

झाकण मी त्याच दिवशी लावत नाही. सेट उघडाच ठेवून रात्री जळगाव आकाशवाणी लावतो, सकाळी बायस पुन्हा मोजतो, आणि मगच लाकडी खोका चढवतो.