वस्तीतल्या वन्यजीवांची नोंदवही कशी चालवावी

मुंबईतील वन्यजीव म्हटले की बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि ठाणे खाडीतील रोहित पक्षी एवढेच बहुतेकांना आठवते. मात्र सोसायटीच्या आवारातील पिंपळावर, नाल्याकाठच्या गवतात आणि जुन्या कंपाउंडच्या भिंतीतील भोकांतही बरेच काही नांदत असते आणि त्याची दखल घेणारी यंत्रणा तेथे राहणाऱ्या माणसांखेरीज दुसरी नाही. अशा कामासाठी मोठा गट लागत नाही. सकाळी फिरायला जाणारे दोघे-तिघे, एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी आणि रात्रपाळीचा वॉचमन एवढे पुरेसे आहेत. वॉचमनला मात्र आग्रहाने सामील करून घ्यावे, कारण घुबड, उदमांजर आणि साप यांची खरी माहिती त्याच्याकडेच असते.

प्रथम एक ठरावीक फेरी आखावी. आठवड्यातून एकदा, शक्यतो सूर्योदयानंतरच्या तासाभरात, त्याच वाटेने अर्धा तास चालावे आणि दिसलेले सर्व लिहावे. कावळे आणि पारवे यांना वगळण्याचा मोह होतो, तो टाळावा. नेहमीच्या पक्ष्यांची संख्या घटली किंवा वाढली तर ते याच नोंदींवरून कळते. काही दिसले नाही तर तसेही लिहावे, कारण रिकाम्या फेरीची नोंद ही नोंदच असते. ‘आज खूप पक्षी दिसले’ या वाक्याचा पुढे कोणालाच उपयोग होत नाही. त्याऐवजी ‘सकाळी 7.10, ब विंगमागची सावर, पळसमैना अंदाजे 40, फुलांवर. बाजूच्या माडावर घार घरट्यात बसलेली’ असे लिहिल्यास फेब्रुवारीतील एका झाडाचे महत्त्व दोन ओळींत कागदावर येते. जातीबद्दल शंका असेल तर ‘खंड्याच्या कुळातील, जात निश्चित नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. ओढूनताणून दिलेले नाव सगळी वही संशयास्पद करते.

वहीतील पक्ष्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर आणि छायाचित्रांसह इतर सर्व जीवांच्या नोंदी ‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवाव्यात. ई-बर्डवर वेळ, अंतर आणि ओळखलेल्या सर्व जाती दिल्या तरच यादी पूर्ण मानली जाते. आयनॅचरलिस्टवर कुंडीतील जास्वंद किंवा घरचे मांजर टाकायचे झाल्यास ते पाळीव अथवा लागवडीचे असल्याची खूण न विसरता करावी. घुबडाची ढोली, घारीचे घरटे किंवा बिबट्याची नेहमीची वाट यांचे नेमके ठिकाण मात्र झाकून ठेवावे, आणि व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच टाकू नये. एका फॉरवर्डवर दुसऱ्या दिवशी कॅमेरे घेऊन माणसे येतात आणि पक्षी घरटे सोडून जातो.

संकटात सापडलेल्या जीवाबाबत स्वयंसेवकाचे पहिले काम गर्दी मागे हटवण्याचे असते. साप दिसल्यास वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे, वनविभागाच्या परवानगीने काम करणाऱ्या सर्पमित्राला बोलवावे आणि तो येईपर्यंत एकाने लांबून नजर ठेवावी, म्हणजे साप कोणत्या भोकात गेला हे शोधत बसावे लागत नाही. मुंबईत बिनविषारी कवड्याला मण्यार समजून मारल्याचे प्रकार नेहमी घडतात. कवड्याच्या अंगावरचे पट्टे मानेपाशी ठळक असून शेपटीकडे पुसट होतात, तर मण्यारीचे पट्टे पुढे पुसट आणि मागे ठळक, बरेचदा जोडीजोडीने असतात. हा फरक छायाचित्रावरून नोंद करताना पाहावा. समोरच्या सापाजवळ जाऊन तो तपासण्याचे धाडस कोणीही करू नये.

पिल्लांच्या बाबतीत उत्साहच जास्त घातक ठरतो. पिसे फुटलेले, आखूड शेपटीचे पिल्लू जमिनीवर दिसले तर ते बहुधा उडायला शिकत असते आणि आईबाप जवळपासच असतात; कुत्र्या-मांजरांपासून वाचवण्यासाठी त्याला जवळच्या फांदीवर ठेवून दूर व्हावे. पिसे न आलेले पिल्लू घरटे सापडल्यास परत घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत खरी नाही. जखमी पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांततेत ठेवून त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या प्राण्यांच्या रुग्णालयात न्यावे. संक्रांतीच्या सुमारास मांजात अडकलेल्या घारीच्या पंखातून दोरा ओढून काढू नये. तो बाहेरून कापावा आणि जखमेतील भाग डॉक्टरांवर सोडावा.

राष्ट्रीय उद्यानालगतच्या मुलुंड, भांडुप किंवा गोरेगावच्या वस्त्यांत बिबट्या दिसला तर त्याला निघून जाण्यासाठी वाट मोकळी ठेवावी आणि 1926 वर कळवावे. उघडा कचरा कुत्र्यांना आणि कुत्री बिबट्याला खेचतात, त्यामुळे कचऱ्याचे डबे रोज वेळेवर उचलले जातात की नाही, ही नोंद अशा ठिकाणी पाऊलखुणांच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे. (याच न्यायाने गच्चीवर पारव्यांना दाणे टाकण्याला वन्यजीवरक्षण म्हणता येणार नाही, हे मत सोसायटीत अप्रिय असले तरी मांडावे.)

वहीचा सर्वात मोठा उपयोग पावसाळ्यापूर्वीच्या फांद्यांच्या छाटणीच्या वेळी होतो. एप्रिल-मे हा मुंबईत छाटणीचा हंगाम असतो आणि नेमका तोच अनेक पक्ष्यांच्या विणीचाही. आवारातील झाडांसाठीदेखील 1975 च्या राज्य वृक्ष कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच सेक्रेटरींसोबत एक फेरी मारून अंडी-पिल्ले असलेल्या फांद्यांवर खूण करावी आणि ती यादी अर्जाला जोडावी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना उपद्रव देणे येते, याचा अर्जात एका वाक्यात उल्लेख करावा. धोकादायक फांदी अर्थातच थांबू शकत नाही. परंतु धोका नसलेली फांदी पिल्ले उडेपर्यंत ठेवा, असे म्हणताना हातात तारखेसह नोंदी असल्या तर ठेकेदाराच्या मुकादमाशी वाद घालावा लागत नाही. नोंदी नसतील, तर वॉर्ड ऑफिसात आपली तक्रार भावनेपोटी केलेली ठरते.

पुनर्विकासात इमारत रिकामी होते, माणसे पांगतात आणि वही कोणाच्या तरी माळ्यावर जाते. म्हणून दर महिन्याच्या शेवटी पानांची छायाचित्रे काढून किमान तिघांकडे ठेवावीत, आणि प्रत्येक झाडाचे ठिकाण विंगच्या नावाबरोबरच रस्ता किंवा कुंपण यांपासूनच्या अंतराने लिहावे, कारण विंगा पाडल्या जातात.