अनुभवी शिक्षकाला मुख्याध्यापकपदासाठी तयार करताना

वर्गात काही बिघडलं की चांगला शिक्षक ते स्वतः सावरतो. मुख्याध्यापकाला मात्र दुसऱ्याचा वर्ग त्या दुसऱ्याकडूनच सुधारून घ्यावा लागतो. अनुभवी शिक्षकाला हेच सर्वांत जड जातं, म्हणून तयारीला पूर्ण शैक्षणिक वर्ष द्या.

आधी त्याचे आठवड्याचे चार-सहा तास कमी करा. नाहीतर नवं काम मधल्या सुट्टीत उरकलं जातं. मग एकच, पण खरी जबाबदारी द्या: समजा, तीन इयत्तांचं वाचन. कोणते निर्णय तो स्वतः घेईल, कोणते विचारून, हे लिहून सहकाऱ्यांनाही कळवा. सहल आणि कार्यक्रम सोपवणं ही तयारी नव्हे, नुसती धावपळ.

पाठनिरीक्षणाला सर्वाधिक वेळ द्या. उमेदवार आणि मार्गदर्शक यांनी एकच पाठ वीस मिनिटं पाहावा आणि वेगवेगळ्या नोंदी कराव्यात. दिसलं-ऐकलं तेवढंच लिहायचं. 'वर्ग निरस होता' हे मत झालं. 'अकरा प्रश्नांपैकी नऊ पहिल्या बाकांना विचारले' ही नोंद. नंतर वह्या ताडून पाहा. सुरुवातीला उमेदवार हमखास 'मी असतो तर असं शिकवलं असतं' याच्या नोंदी करतो. त्या खोडायला लावा. शिक्षकाशी बोलणं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, बदल एकच सुचवायचा, आणि दोन आठवड्यांत तोच बदल पाहायला पुन्हा जायचं. ही दुसरी फेरी चुकली की निरीक्षण कागदावरच राहतं.

वेळापत्रक एकदा हातानं करायला लावा. 12 तुकड्या, आठवड्याला 45 तास, म्हणजे 540 तास; प्रत्येकी 30 धरले तर 18 शिक्षक पुरतात. पण विज्ञानाचे तुकडीमागे 6 तास म्हणजे 72, आणि विज्ञान शिक्षक दोनच असतील तर 12 तास उघडे पडतात. एकूण बेरीज जुळूनही गाडी अडते ती इथे. प्रयोगशाळा आणि अर्धवेळ शिक्षक यांचे तास आधी बसवायचे.

पालकांच्या तक्रारीत ऐकायचं, लिहायचं, उत्तराची तारीख सांगायची; शिक्षकाची बाजू ऐकल्याशिवाय आश्वासन नाही. हिशेबासाठी मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि शिल्लक यांचा दरमहा ताळा पुरे.

वर्षअखेरीस आठवडाभर शाळा त्याच्या हाती द्या. आपत्काल सोडला तर मुख्याध्यापकांनी फोन घेऊ नये. नंतर त्यानं पुढे ढकललेल्या निर्णयांची यादी मागा. पुढच्या सत्रात सराव त्यांचाच घ्यायचा.